खाणकामगारांचा शब्द आणि आत्याचे डोळे

गेल्या महिन्यात आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो. वय ७१. काम साधंच, चष्म्याचा नंबर बघायचा आणि मोतीबिंदू 'पिकलाय' का ते विचारायचं. डोळ्यात थेंब घातले, तासभर बसवलं, डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलं आणि कागदावर दोन ओळी खरडल्या. मोतीबिंदू लहान आहे, थांबलात तरी चालेल म्हणाले. दुसऱ्या ओळीतला एक शब्द मात्र काही केल्या लागेना. काउंटरवरच्या मुलीने वाचून दाखवला, "ड्रूझन". म्हणजे काय? "ते वयामुळे असतं, काका." (मला काका म्हणाली. असो.)

डॉक्टरांना वेळ नव्हता, बाहेर चाळीस पेशंट बसलेले. खालच्या चष्म्याच्या दुकानातल्या माणसाकडे मात्र भरपूर वेळ होता. त्याने कागद पाहिला, चेहरा गंभीर केला आणि 'पडद्यासाठी' म्हणून गोळ्यांची बाटली पुढे केली. रोज एक, कायमची. आत्याने ती निमूटपणे पिशवीत टाकली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "अरे, नीट सांग. मला आजार झालाय की मी नुसती म्हातारी झालेय?"

मला काही उत्तर देता आलं नाही. मग वीकांताला वाचत बसलो, आणि एका वीकांताचे तीन झाले. कळलं ते असं की आत्याचा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचं उत्तर देण्यासाठी शेवटी कोणीतरी एक आकडा ठरवून टाकलेला आहे. त्या आकड्याची ही गोष्ट. (मी डॉक्टर नाही, संगणकवाला आहे. हे वाचून कोणी औषधं बदलू नयेत.)

आधी थोडा भूगोल. डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून अस्तर असतं, तो पडदा. पडद्याच्या मध्यभागी पाचेक मिलिमीटरचा एक भाग आहे, मॅक्युला. अक्षरं वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं या एवढ्याशा जागेवर. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या मागे काळपट पेशींचा एकच थर असतो. हा थर म्हणजे या मोहल्ल्याचा सफाई विभाग. प्रकाशपेशी रोज आपल्या टोकाचा सुमारे दहावा हिस्सा टाकून देतात आणि काळपट पेशी तो गिळतात. रोज, जन्मभर, सुट्टी नाही. त्याच्याही मागे एक पातळ पापुद्रा आहे, ब्रुकचा पापुद्रा (कार्ल ब्रुक या जर्मन माणसाने १८४४ मध्ये वर्णन केला), आणि त्यापलीकडे रक्तवाहिन्यांचं जाळं. रक्तातून माल आत यायचा आणि कचरा बाहेर जायचा तो या पापुद्र्यातून गाळून. आता चहाची गाळणी सत्तर वर्षं न धुता वापरली तर काय होईल? पापुद्र्यात मेद साचतो, आणि पापुद्रा व काळपट पेशी यांच्यामध्ये कचऱ्याचे बारीक ढीग तयार होतात. ते ढीग म्हणजे ड्रूझन.

हे ढीग जिवंत माणसाच्या डोळ्यात बघायचे तर आधी डोळ्यात बघता आलं पाहिजे. आणि इथे आमच्या धंद्यातला एक मोठा माणूस अचानक भेटला. चार्ल्स बॅबेज! संगणकाचा आजोबा. १८४७ मध्ये त्याने एक साधं उपकरण केलं होतं. सपाट आरसा, त्याच्या मधला पारा दोन-तीन ठिकाणी खरवडून काढलेला, आणि हा आरसा एका नळीत तिरका बसवलेला. आरशाने उजेड डोळ्यात टाकायचा आणि खरवडलेल्या जागेतून आपण बघायचं. बॅबेजने ते लंडनमधल्या व्हार्टन जोन्स या नेत्रवैद्याला दाखवलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. बॅबेजनेही पुढे पाठपुरावा केला नाही. (पूर्ण न केलेल्या प्रोजेक्टांच्या बाबतीत बॅबेजचा हात कोणी धरू शकणार नाही.) पुढे १८५४ मध्ये व्हार्टन जोन्सनेच ही हकिकत छापली. तोवर हेल्महोल्ट्झने बाजी मारली होती. हा क्योनिग्सबर्गमध्ये शिकवायचा. डोळा अंधारात चमकतो तो का, हे विद्यार्थ्यांना कसं दाखवावं याचा विचार करता करता त्याने १८५० च्या शेवटी पुठ्ठा, सरस, चष्म्याची भिंगं आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचा जोडून यंत्र केलं आणि जिवंत माणसाचा पडदा पाहिला. १८५१ मध्ये पुस्तिका छापली. पुठ्ठा आणि सरस! आम्ही प्रोटोटाइप करायला तीन महिने मागतो.

गंमत म्हणजे ड्रूझन पहिल्यांदा दिसले ते या यंत्रातून नाहीत, तर मेलेल्या डोळ्यात. १८५४ मध्ये कार्ल वेडलने त्यांचं वर्णन केलं, १८५५ मध्ये उत्रेख्तच्या डोंडर्सने. डोंडर्सचं म्हणणं, काळपट पेशींचंच रूपांतर होऊन हे गोळे होतात. १८५६ मध्ये वुर्झबर्गचा हाइनरिश म्युलर म्हणाला, नाही, हे बाहेर टाकलेलं, साचलेलं द्रव्य आहे. पेशी बदलली की पेशीने कचरा केला, हा वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. म्युलरबरोबरच 'ड्रूझन' हे नावही रूढ झालं.

हा शब्द कुठला माहीत आहे का? खाणकामगारांचा. खडकात पोकळी असते आणि तिच्या आतल्या भिंतीवर स्फटिक उगवलेले असतात, तिला जर्मन खाणीत 'ड्रूझ' म्हणतात. ड्रूझन हे त्याचं अनेकवचन. सूक्ष्मदर्शकाखाली यातले काही ढीग तसेच चमकतात. हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठून खिडकीकडे गेलो. मी राहतो खराडीला. पलीकडे वाघोली, तिथल्या दगडाच्या खाणी. आपला दख्खनचा काळा पाषाण असल्या पोकळ्यांनी भरलेला आहे. वाघोलीच्या खाणीत सापडणारा निळाशार कॅव्हनसाइट जगभरचे स्फटिक गोळा करणारे लोक जीव टाकून विकत घेतात. लहानपणी आम्ही असले दगड फोडायचो आणि आत चमचम दिसली की 'हिरे' सापडले म्हणून घरी पळत यायचो. आत्याच ते गॅलरीत मांडून ठेवायची.

असो, विषयाकडे येतो.

सूक्ष्मदर्शकवाल्यांनी आपलं काम केलं, पण ज्याच्या डोळ्यात हे दिसलं तो माणूस आता नव्हता. त्याला दिसत होतं का, किती दिसत होतं, कोण सांगणार? दुसऱ्या बाजूने १८७४ मध्ये लंडनला हचिन्सन आणि टे या दोघांनी जिवंत म्हाताऱ्या माणसांच्या मॅक्युलात ठिपके पाहिले. दोन्ही डोळ्यांत सारखे, मध्यभागी. त्यांनी दहा रुग्णांबद्दल लिहिलं, त्यातल्या तिघी सख्ख्या बहिणी. घराण्याचा संबंध असावा याचा वास तेव्हाच लागायला हवा होता. हा हचिन्सन अफाट माणूस. कातडी, हाडं, दात, डोळे, कशावरही अधिकारवाणीने लिहायचा, आणि बहुतेक बरोबर असायचा. फक्त कुष्ठरोग हा खराब मासे खाल्ल्याने होतो असं त्याने आयुष्यभर धरून ठेवलं. त्याच्या पुराव्यासाठी तो हिंदुस्थानातही येऊन गेला, आणि १९०६ मध्ये त्यावर पुस्तकच काढलं. (कोकणातल्या मंडळींनी मनावर घेऊ नये.) पुढे १८८५ मध्ये झ्युरिकच्या ऑटो हाबने मॅक्युलाच्या म्हातारपणीच्या विकाराला स्वतंत्र जागा दिली आणि 'सेनाइल' हा शब्द चिकटला. म्हणजे म्हातारचळातला म्हातारा. तो जायला पार १९८० चं दशक उजाडावं लागलं. आता म्हणतात 'वयाशी निगडित मॅक्युलर डीजनरेशन', थोडक्यात एएमडी.

मधल्या काळात सगळा जोर शेवटच्या अवस्थेवर. पडद्याखाली रक्त येऊन मोठा चट्टा पडतो, त्यावर युनियुस आणि कुंट यांनी १९२६ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. पण त्या चट्ट्याचा आणि त्या बारीक पिवळ्या ठिपक्यांचा काही संबंध आहे, हे ठामपणे कोणी म्हणत नव्हतं. दोन वेगळे आजार, दोन वेगळ्या फायली.

त्या फायली जोडल्या गेल्या त्यामागे दोन पोरांची करामत आहे. इंडियानाचे वैद्यकीय विद्यार्थी नोव्होटनी आणि आल्व्हिस. त्यांनी हाताच्या शिरेत फ्लुओरेसिन हा चमकणारा रंग टोचून तो डोळ्याच्या रक्तवाहिन्यांतून जाताना त्याचे फोटो काढले. पहिला बकरा खुद्द आल्व्हिस. नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला, तेव्हा १९६१ मध्ये तो हृदयविकारवाल्यांच्या 'सर्क्युलेशन'मध्ये छापून आला. हेच तंत्र वापरून मायामीच्या डोनाल्ड गॅसने १९६७ मध्ये दाखवलं की ठिपके, रंग उडणं, खालून रक्त येणं हे सगळे एकाच रस्त्यावरचे मैलाचे दगड आहेत. म्हणजे ठिपके ही सुरुवात. पण ठिपके असलेला प्रत्येक जण त्या रस्त्याच्या शेवटापर्यंत जात नाही. बहुतेक जात नाहीत. मग कोण जातो?

या सगळ्या गोष्टीत मला सर्वात जास्त आवडलेली व्यक्ती आता येते. शर्ली सार्क्स, सिडनी. ती वृद्धांच्या रुग्णालयात जाऊन म्हाताऱ्यांचे डोळे तपासायची, नोंदी ठेवायची. ती माणसं यथावकाश गेली की तेच डोळे सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. विचार करा, काय चिकाटीचं काम आहे! पेशंट आज नाही, उद्या नाही, पाच वर्षांनी जाणार; तोवर त्याच्याशी बोलायचं, त्याला काय दिसतं काय नाही ते लिहून ठेवायचं. १९७६ मध्ये तिने निष्कर्ष छापले, २१६ माणसं, ३७८ डोळे. वेडल-डोंडर्सचा प्रवाह आणि हचिन्सन-टेचा प्रवाह मला वाटतं इथे खऱ्या अर्थाने एकत्र आले. तिला दिसलं ते असं की समोरून दिसणारे ठिपके हा कचऱ्याचा फक्त उंचवटा. काळपट पेशींच्या खाली एक पातळ सलग थर पसरत जातो. तो समोरून दिसत नाही, पण जसजसा तो जाड होतो तसतसा वरच्या पेशींचा रंग बिघडतो, नजर उतरते. छोटे, कडांना रेखीव ठिपके फारसे त्रासदायक नाहीत. मोठे, कडा पुसट झालेले मऊ ठिपके असले की समजावं खाली थर वाढतोय.

आता आकड्याकडे. मोठे म्हणजे किती मोठे?

१९८८ ते ९० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या बीव्हर डॅम नावाच्या गावात रोनाल्ड आणि बार्बरा क्लाइन या दांपत्याने ४३ ते ८६ वयाच्या ४९२६ लोकांचे डोळे तपासले. पडद्याचे फोटो काढले, स्लाइडी दिव्याच्या पेटीवर ठेवल्या आणि त्यावर पारदर्शक कागदावरची वर्तुळं ठेवून ठिपके मोजले. निष्कर्ष ऐका. किमान एखादा ठिपका ९५ टक्क्यांहून अधिक लोकांत होता! आणि शेवटच्या अवस्थेतला आजार १.६ टक्क्यांत. म्हणजे 'ठिपका आहे' हे वाक्य 'केस पिकलेत' या वाक्याइतकंच बातमीमूल्याचं. भेद करायचा तो आकारानेच. त्यासाठी वर्तुळं कोणत्या मापाची? एक ६३ मायक्रॉनचं, एक १२५ चं. हे आकडे कुठून आले ते शोधताना मला हसू फुटलं. डोळ्यातून मज्जातंतू जिथे बाहेर पडतो ती गोल तबकडी प्रत्येक फोटोत दिसते, म्हणून ती मोजपट्टी धरली. तिचा व्यास १५०० मायक्रॉन समजायचा. त्याचा चोविसावा भाग ६२.५, बारावा भाग १२५. झालं! आणि खरी तबकडी सरासरी १५०० पेक्षा मोठीच असते. आमच्या धंद्यात याला हार्डकोडेड कॉन्स्टंट म्हणतात आणि कोड रिव्ह्यूत यावरून बोलणी खावी लागतात. पण एक सोय अशी की तबकडीच्या काठाशी पडद्याची मोठी शीर साधारण १२५ मायक्रॉन रुंद असते. डॉक्टरला पट्टी लागत नाही, शिरेपेक्षा ठिपका रुंद आहे का एवढं बघितलं की पुरे.

२०१३ मध्ये तज्ज्ञांच्या एका समितीने याच आकड्यांवर शिक्कामोर्तब केलं. ६३ मायक्रॉनपर्यंतचे ठिपके हे वय, आजार नाही. ६३ ते १२५ ही सुरुवातीची अवस्था. त्याहून मोठे असतील, किंवा सोबत रंग बिघडलेला असेल, तर मधली अवस्था. म्हणजे आत्याच्या प्रश्नाचं अधिकृत उत्तर ६३ मायक्रॉन. केसाच्या जाडीएवढा फरक.

हा नुसता शब्दांचा खेळ वाटेल, पण नाही, कारण या रेषेवर ती बाटली अवलंबून आहे. अमेरिकेत ११ केंद्रांवर ४७५७ लोकांवर एरेड्स नावाची चाचणी झाली. क आणि ई जीवनसत्त्व, बीटाकॅरोटिन, जस्त, तांबं, भरपूर मात्रेत. निकाल २००१ चा. मधल्या किंवा त्यापुढच्या अवस्थेतल्यांना फायदा झाला. पाच वर्षांत आजार शेवटाला जाण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून २० वर आलं. सुरुवातीच्या अवस्थेतल्यांमध्ये? पाच वर्षांत पुढे गेलेच मुळी १.३ टक्के. एवढ्यात गोळीचा फायदा दिसणार तरी कुठे? दिसला नाहीच. शिवाय बीटाकॅरोटिनने विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर वाढतो हे इतर चाचण्यांत दिसलं होतं, म्हणून २०१३ च्या दुसऱ्या एरेड्सने त्याजागी ल्युटिन आणि झियाझँथिन आणलं.

याच माहितीवरून २००५ मध्ये एक गुणपत्रिका केली, जी मला फार आवडली. प्रत्येक डोळ्यात १२५ च्या वरचा ठिपका असेल तर एक गुण, रंग बिघडला असेल तर एक गुण. दोन डोळे, जास्तीत जास्त चार. शून्य गुणाला पाच वर्षांतला धोका अर्धा टक्का, एकाला ३, दोनाला १२, तिनाला २५, चाराला ५० टक्के. चार ओळींचा कोड. इतकं स्वच्छ काही वैद्यकात क्वचित बघायला मिळतं.

मध्येच एक मोह झाला होता तोही सांगतो. लेझरने हलके चटके दिले की ड्रूझन विरघळतात, हे १९७० च्या दशकापासून ठाऊक होतं. मग काय, ठिपके घालवा, आजार जाईल! १०५२ लोकांचा एकेक डोळा लेझरला दिला, दुसरा तसाच ठेवला. २००६ चा निकाल: ठिपके गेले, नजरेत फरक शून्य. कंपायलरच्या वॉर्निंगा बंद केल्या म्हणून बग जात नाही, हे आम्हाला कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

आणि त्या तिघी बहिणी? २००५ मध्ये त्यांचंही कोडं थोडं सुटलं. फक्त ९६ रुग्ण आणि ५० निरोगी माणसं घेऊन १ लाख १६ हजार जागी जनुकं तपासली, आणि एक अक्षर चुकलेलं सापडलं. आपल्याच पेशींवर शरीराच्या फौजेने हल्ला करू नये म्हणून पहारा देणारं एक प्रथिन आहे, त्यातल्या ४०२ व्या जागी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन. याच फौजेचे अवशेष आधी ड्रूझनच्या ढिगात सापडलेले होते, त्यामुळे दुवा लगेच जुळला. हे सगळे अभ्यास बव्हंशी गोऱ्या लोकांवरचे. आपल्याकडे नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते ०९ मध्ये तिशीपुढच्या ४७११ लोकांचे डोळे असेच फोटो काढून तपासले. तिथेही शेवटची अवस्था विरळाच दिसली.

आता शेवटची गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहायला घेतला. आत्याने डॉक्टरांच्या तक्त्यावरची खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली होती. तो तक्ता स्नेलनचा, १८६२ चा, तोही उत्रेख्तचा, डोंडर्सच्याच हाताखालचा. दीडशे वर्षं आपण 'दिसतं का' हे अक्षरं वाचायला लावून ठरवतो. पण अमेरिकेतल्या क्रिस्टिन कर्सिओने १९९० च्या दशकात दान केलेल्या डोळ्यांतल्या पेशी मोजल्या तेव्हा दिसलं की अक्षरं वाचणाऱ्या शंकूपेशी बराच काळ टिकतात. आधी जातात त्या मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी, मॅक्युलाच्या मधल्या बिंदूभोवतीच्या कड्यातल्या. त्यामुळे सुरुवातीच्या अवस्थेत तक्ता सांगतो 'उत्तम', आणि माणूस उन्हातून घरात आला की कितीतरी वेळ चाचपडतो.

हे वाचलं आणि आत्याला फोन केला. "आत्या, उन्हातून घरात आल्यावर तुला लगेच दिसतं का गं?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "दोन वर्षं झाली. जिन्यात मी भिंतीला हात लावून चढते. मला वाटलं जिन्यातला बल्बच मंद झालाय. सोसायटीत दोनदा तक्रार केली मी!"

मी दुसऱ्या शनिवारी तिला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, या वेळी शेवटची वेळ मागून. त्यांनी फोटो काढला, पडद्याचा ओसीटीही केला आणि शांतपणे समजावलं. दोन्ही डोळ्यांत मध्यम ठिपके, १२५ च्या आतले, रंग ठीक.  गोळ्यांची गरज नाही, वर्षाने या, आणि सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या तर त्याच आठवड्यात या, कारण रक्त येण्याच्या प्रकारावर आता इंजेक्शनं आहेत आणि तिथे उशीर महाग पडतो. घरी लावायला चौकटींचा कागद दिला, मध्ये ठिपका असलेला. एक डोळा झाकून बघायचं, मग दुसरा.

बाटली दुकानदाराने परत घेतली नाही. कागद फ्रिजवर लावलाय, दुधाच्या हिशेबाशेजारी. जिन्यात मी स्वतःच नवा बल्ब बसवून आलो. आत्या म्हणते आता जरा बरं आहे, पण दुसऱ्या मजल्यावर अजून एक हवा.